यंदा थंडी कडक पडणार म्हणे!

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरतो, पहाटे पांघरूण जवळ ओढावेसे वाटू लागते आणि वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास उगवते : ‘यंदा कडाक्याची थंडी!’ कारणे मात्र बदलत राहतात. कधी प्रशांत महासागरातील ला निना, कधी हिमालयात लवकर पडलेला बर्फ, तर कधी नुसतेच ‘यंदा पाऊस जास्त झाला, तेव्हा थंडीही जास्तच पडणार.’ गावातील जाणती माणसे आणखी वेगळ्या खुणा सांगतात. धोबी पक्षी लवकर आला, सकाळी कुंपणावर कोळ्यांची जाळी फार दिसली, आंब्याला मोहोराची चाहूल लागली, वगैरे. शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर या चर्चेला रंग चढतो. फेब्रुवारी संपेपर्यंत मात्र ते भाकीत नेमके काय होते, हे कोणालाच आठवत नाही.

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. दरवर्षी नेमाने प्रसिद्ध होणाऱ्या या भाकितांचे मात्र कधी कोणी परीक्षण करत नाही. ते येथे करावयाचे आहे. पण त्याआधी परीक्षकाची स्वतःची एक चूक सांगणे आवश्यक आहे, कारण हा लेख त्या चुकीतूनच निघाला आहे.

एक प्रदर्शन आणि एक वही

२०२४ सालच्या डिसेंबरच्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यातील एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेले होते. द्राक्षबागांचा भाग. तेथे थंडी हा गप्पांचा नव्हे, पोटाचा विषय असतो. घडात गोडी भरत असताना पारा फार उतरला तर मण्यांना तडे जातात, फुगवण थांबते. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवा, ठिबकने पाणी सोडा, अशी धावपळ सुरू होते. ऑक्टोबरची छाटणी चार दिवस अलीकडे करावी की पलीकडे, हे ठरवताना लोक पावसाबरोबर थंडीचाही अंदाज घेतात. अंदाज चुकला तर वर्षाचे उत्पन्न हातचे जाऊ शकते.

त्या प्रदर्शनात थंडीवर दोन प्रकल्प होते. एकात मोठा पृथ्वीगोल, त्यावर प्रशांत महासागराच्या जागी निळे दिवे आणि खाली ठळक अक्षरांत ‘ला निना : यंदा कडाक्याची थंडी’ असा फलक. दुसरा प्रकल्प नववीतील एका मुलीचा. साधा तक्ता, त्यावर धोबी पक्ष्याचे चित्र, ‘थंडीच्या खुणा’ असे शीर्षक आणि शेजारी एक वही. मी तक्ता वाचला, पक्ष्यावरून थंडी ओळखण्याचा प्रकार दिसला आणि गुणपत्रिकेवर ‘अंधश्रद्धा टाळावी’ असा शेरा लिहून पुढे गेले. पहिले बक्षीस निळ्या दिव्यांना मिळाले.

पंधरा दिवसांनी त्या मुलीच्या विज्ञानशिक्षकांचे पत्र आले. भाषा अगदी आदबीची होती. मजकूर इतकाच की, मॅडमनी वही उघडून पाहिली असती तर बरे झाले असते. सोबत वहीच्या पानांच्या छायाप्रती होत्या. त्या मुलीने चार हिवाळे धोबी पक्षी अंगणात पहिल्यांदा दिसल्याची तारीख लिहिली होती आणि बागेतील तापमापकावरचे पहाटेचे किमान तापमान रोज नोंदवले होते. शेवटच्या पानावर तिचा निष्कर्ष होता : पक्षी लवकर आला ती दोन वर्षे, त्यांतील एक थंड गेले, एक उबदार. तेव्हा पक्ष्यावरून थंडीचा अंदाज करता येतो असे आजीचे म्हणणे या चार वर्षांत तरी दिसून आले नाही. आणखी वर्षे पाहावी लागतील.

त्या सभागृहात भाकीत तपासून पाहणारी एकच व्यक्ती होती, आणि मी तिलाच अंधश्रद्धाळू ठरवले होते. ‘ला निना’ हा शब्द शास्त्रातला आणि धोबी पक्षी आजीच्या गोष्टीतला, एवढ्यावर मी निकाल दिला. भाकीत कोणी केले, कोणत्या भाषेत केले, यावरून त्याची किंमत ठरवायची नसते. त्याची परीक्षा झाली आहे का आणि ती कशी झाली, एवढेच विचारायचे असते.

सुरवंटाच्या अंगावरचा पट्टा

निसर्गातील खुणेची परीक्षा करू पाहण्याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे इसाबेला नावाच्या पतंगाचा एक केसाळ सुरवंट शरद ऋतूत रस्तोरस्ती दिसतो. लोक त्याला लाडाने ‘वुली बेअर’, म्हणजे केसाळ अस्वल म्हणतात. त्याचे शरीर तेरा खंडांचे, दोन्ही टोके काळी आणि मधला पट्टा तांबूस तपकिरी. समजूत अशी की, तपकिरी पट्टा रुंद असेल तर हिवाळा सौम्य, अरुंद असेल तर कडक. या सुरवंटांच्या जत्रा भरतात, शर्यती लागतात आणि जिंकणाऱ्या सुरवंटाच्या पट्ट्यांवरून थंडीचे भाकीतही होते.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयातील कीटकतज्ज्ञ डॉ. करन यांनी १९४८ साली या समजुतीची दखल घेतली. शहराच्या उत्तरेला असलेल्या बेअर माउंटन येथे जाऊन दिवसभरात सापडतील तेवढे सुरवंट त्यांनी गोळा केले, तपकिरी खंड मोजले, सरासरी काढली आणि वर्तमानपत्रातील एका मित्रामार्फत हिवाळ्याचे भाकीत जाहीर केले. १९५६ पर्यंत हा उपक्रम चालला. त्या वर्षांत त्यांची सरासरी ५.३ ते ५.६ खंड, म्हणजे शरीराच्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक अशी राहिली, म्हणजे भाकीत सौम्य हिवाळ्याचे. हिवाळेही सौम्य गेले. सुरवंट रातोरात प्रसिद्ध झाला.

आता परीक्षकाच्या नजरेने या उपक्रमाकडे पाहू. पहिली गोष्ट म्हणजे भाकीत दरवर्षी एकच होते. सुरवंटाने एकदाही ‘कडक हिवाळा’ असे सांगितले नाही. कडक हिवाळ्याची सूचना ही खूण देऊ शकते का, याची परीक्षा झालीच नाही. रोज ‘उद्या सूर्य उगवेल’ असे सांगणाऱ्या कोंबड्याला आपण ज्योतिषी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट नमुन्याच्या आकाराची. समजा, एका सुरवंटापासून दुसऱ्यात सव्वा-दीड खंडाचा फरक सहज पडतो. असे पंधरा सुरवंट उचलून सरासरी काढली, तर निव्वळ कोणते पंधरा हाती लागले यावरून ती तीन-चार दशांशांनी इकडेतिकडे होते. करन यांच्या साऱ्या वर्षांतील फरकच मुळी तीन दशांशांचा. म्हणजे दोन वर्षांतील फरक हिवाळ्यामुळे पडला की निवडीच्या योगायोगामुळे, हे त्यावरून सांगताच येत नाही. नमुना लहान आहे, हे करन यांनाही ठाऊक होते. त्यांनी हा उद्योग बराचसा मौजेने केला. गांभीर्य नंतरच्या लोकांनी चिकटवले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पट्ट्याची रुंदी ठरते कशाने? सुरवंट वाढताना कात टाकतो आणि प्रत्येक कातीबरोबर काळा भाग कमी, तपकिरी अधिक होत जातो. म्हणजे रुंद पट्टा सांगतो की सुरवंटाचे वय जास्त आहे. ओलाव्याचाही परिणाम होतो. ही सारी माहिती झालेल्या ऋतूची, येणाऱ्या हिवाळ्याची नव्हे. गंमत अशी की, या सुरवंटाला हिवाळा सोसण्याची तयारी खरोखरच करावी लागते. त्याच्या शरीरात ग्लिसरॉल साठते आणि तो गोठूनही जिवंत राहतो. पण ही तयारी तो दरवर्षीच करतो. हिवाळा कसा असेल हे कळून नव्हे, तर तो येणारच म्हणून.

खुणा कशाची साक्ष देतात?

हाच विचार आपल्याकडच्या खुणांना लावून पाहावा. थंड रात्री येऊन गेल्या की आंब्याला मोहोर धरतो; मोहोर हा पडलेल्या थंडीचा परिणाम आहे, पडणाऱ्या थंडीचा निरोप नव्हे. धोबी पक्षी निघतो तो त्याच्या उत्तरेकडील मुलखातील दिवसाच्या लांबीवर, अन्नावर आणि वाऱ्यावर. तो लवकर पोचला तर तिकडे सप्टेंबरात काय घडले, हे त्यावरून कदाचित कळेल. निफाडच्या बागेत जानेवारीत काय घडेल, हे त्याला कोण सांगणार? झाडे, किडे, पाखरे यांच्या अंगावर झालेल्या ऋतूंचा जमाखर्च लिहिलेला असतो. आपण तो पुढच्या वर्षाचा अंदाजपत्रक म्हणून वाचतो, ही चूक.

याचा अर्थ खुणा निरुपयोगी, असा मात्र नव्हे. जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून राजदरबारातील व इतर रोजनिशांतून मिळतात. त्यावरून हजार-बाराशे वर्षांतील वसंत ऋतूंचा इतिहास शास्त्रज्ञांना मांडता आला. २०२१ साली तेथे २६ मार्चला, म्हणजे तोपर्यंतच्या साऱ्या नोंदींत सर्वांत लवकर पूर्ण बहर आला. कोणाही एका रोजनिशीकाराने भाकीत केले नव्हते. त्याने फक्त तारीख लिहिली होती. सहदेव-भाडळीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या आपल्याकडील ठोकताळ्यांमागेही पिढ्यांचे निरीक्षण असणार. पण तारखा लिहिलेल्या नसल्याने कोणता ठोकताळा किती वेळा चुकला, हे आता कळण्याचा मार्ग नाही. जे खरे ठरले ते लक्षात राहिले, उरलेले विसरले गेले.

लिहून ठेवलेले भाकीत तपासले की काय होते, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेत ‘ओल्ड फार्मर्स अल्मनॅक’ हे पंचांगवजा वार्षिक १७९२ सालापासून निघते. वर्षभरापुढचे हवामान त्यात असते आणि सुमारे ८० टक्के अचूकतेचा दावा केला जातो. जॉन वॉल्श आणि डेव्हिड ॲलन या दोघांनी १९८१ साली पाच वर्षांची मासिक भाकिते बत्तीस ठिकाणांच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिली. सरासरीपेक्षा जास्त की कमी, एवढेच तपासले. तापमानाची ५०.७ टक्के आणि पावसाची ५१.९ टक्के भाकिते बरोबर निघाली. नाणे उडवले असते तर पन्नास टक्के बरोबर आली असती.

वॉकर यांची सावधगिरी

येथपर्यंत वाचून एखादा वाचक म्हणेल, सुरवंट आणि पंचांग ठीक आहे. शास्त्रज्ञांच्या अंदाजाचे काय? त्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. आणि ती लावण्याचा मोठा धडा भारतातच गिरवला गेला आहे.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील हिवाळी-वसंती बर्फ आणि पुढचा मोसमी पाऊस यांचा संबंध मांडला आणि १८८६ पासून त्यावर आधारित पावसाचे अंदाज नियमितपणे देण्यास सुरुवात झाली. म्हणजे आधीच्या ऋतूची खूण पाहून पुढच्या ऋतूचा अंदाज, हीच कल्पना, पण मोजमापासह. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाले. ते मुळात गणिती. जगभरच्या ठिकाणांच्या हवेचा दाब, तापमान, पाऊस यांच्या नोंदी जमवून त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांकरवी असंख्य सहसंबंध काढून घेतले. प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा जो झोपाळा त्यांना सापडला, त्याला त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले. आज आपण एल निनो आणि ला निना म्हणतो, ती याच झोपाळ्याची सागरी बाजू.

पण वॉकर यांचे आणखी एक काम फारसे सांगितले जात नाही. १९१४ साली त्यांनी एक साधा पण अडचणीचा प्रश्न विचारला. शेकडो सहसंबंध काढून त्यांतील सर्वांत मोठा निवडला, तर तो केवळ योगायोगाने किती मोठा येऊ शकतो? उत्तर असे की, जितके जास्त शोधाल तितका योगायोगाचा सहसंबंध मोठा सापडेल. म्हणून निवडलेल्या संबंधाला अधिक कडक कसोटी लावली पाहिजे.

हे वर्गात दहा मिनिटांत दाखवता येते. चाळीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवायला सांगा. छापा म्हणजे ‘माझी खूण खरी ठरली’. पाचही वेळा छापा येण्याची शक्यता बत्तिसात एक; म्हणजे चाळिसांच्या वर्गात एखादा तरी असा बहुधा निघतोच. त्याला उभे करा आणि विचारा, ‘बाळ, तुझी खूण सलग पाच वर्षे खरी ठरली, सहाव्या वर्षी काय होईल?’ वर्तमानपत्रात पोचतो तो हाच विद्यार्थी. उरलेले एकोणचाळीस बातमी होत नाहीत.

अलीकडचेही उदाहरण देता येईल. ऑक्टोबरात सायबेरियात किती बर्फ पसरला, यावरून युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्याचा अंदाज करता येतो, असे काही वर्षांच्या नोंदींवरून दिसले होते. त्यामागे पटण्याजोगी कारणमीमांसाही होती. परंतु अधिक लांब काळाच्या नोंदी तपासल्यावर तो संबंध काही दशकांत ठळक, काही दशकांत नाहीसा, असा निघाला. कारणमीमांसा पटली म्हणजे परीक्षा झाली असे नव्हे.

ला निना आणि आपली थंडी

आता निळ्या दिव्यांच्या पृथ्वीगोलाकडे वळू. ला निना असताना उत्तर भारतात थंडीच्या लाटांना अनुकूल परिस्थिती तयार होण्याकडे कल असतो, असे अभ्यास सांगतात. म्हणजे संबंध पूर्ण खोटा नाही. प्रश्न आहे तो ‘कल’ या शब्दाचे बातमीत काय होते, याचा.

अलीकडचे हिवाळे पाहा. २०२० ते २०२३ असे सलग तीन हिवाळे ला निनाचे होते. त्यांतील तिसऱ्या हिवाळ्यात डिसेंबर २०२२ हा देशभराच्या सरासरीने १९०१ पासूनचा सर्वांत उबदार डिसेंबर ठरला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये कमाल तापमानाने तोपर्यंतचा उच्चांक गाठला. मधल्या जानेवारीत मात्र दिल्लीकर थंडीच्या लाटेने गारठले होते. त्यानंतरच्या २०२३-२४ च्या हिवाळ्यात जोरदार एल निनो होता. तरीही जानेवारी २०२४ मध्ये गंगेच्या मैदानात धुक्याने आणि गारठलेल्या दिवसांनी लोक हैराण झाले. आणि २०२४-२५? शरद ऋतूत सर्वत्र ला निनाच्या नावाने कडाक्याची थंडी जाहीर झाली. ला निना आला, पण उशिरा आणि दुबळा. फेब्रुवारी २०२५ हा सरासरी तापमानाच्या दृष्टीने देशातील १९०१ पासूनचा सर्वांत उबदार फेब्रुवारी ठरला.

हवामान खात्याने त्या डिसेंबरच्या आरंभी काय म्हटले होते? डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात देशाच्या बहुतेक भागांत किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता आहे, आणि थंडीच्या लाटांचे दिवस नेहमीपेक्षा कमी असतील. म्हणजे खात्याचे भाकीत एक आणि बातम्यांचे दुसरेच.

महाराष्ट्राची थंडी ठरते कशावर? भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ उत्तरेतून पुढे सरकले की त्यांच्या मागे कोरडे, थंड उत्तरी वारे खाली उतरतात. आकाश निरभ्र असेल तर जमिनीची उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि पहाटे पारा घसरतो. उलट, बंगालच्या उपसागरावरून बाष्प आले, ढग आले की तेच पांघरुणासारखे काम करतात आणि रात्री उबदार होतात. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर नाशिक-पुण्याकडे गारठा जाणवू लागला होता. तेवढ्यात ३० नोव्हेंबरला ‘फेंजल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि त्याच्या उरलेल्या बाष्पाने आपल्याकडे ढग व उकाडा आणला. त्या प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही स्वेटर हातावर घेऊन फिरत होतो. हे वादळ सप्टेंबरात कोणता सुरवंट, कोणता पक्षी किंवा कोणता संगणक सांगू शकला असता?

दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाची मर्यादा यातून कळते. तीन महिन्यांची सरासरी कोणत्या बाजूला झुकेल, याबद्दल काही सांगता येते. पण द्राक्षाच्या मण्याला तडा जातो तो सरासरीने नव्हे, एखाद्या दोन-तीन पहाटेंनी. त्या पहाटेंचा इशारा चार-पाच दिवस आधीच्या अंदाजातूनच मिळू शकतो. बागायतदाराला ‘कडाक्याची थंडी’ ही बातमी देऊन आपण त्याला नसलेल्या माहितीवर निर्णय घ्यायला लावतो.

टक्क्यांची भाषा

ब्रिटनच्या हवामान खात्याने २००९ सालच्या उन्हाळ्याबद्दल ६५ टक्के शक्यता सांगितली आणि सोबत ‘बार्बेक्यूचा उन्हाळा’, म्हणजे अंगणात चूल मांडून जेवणावळी घालण्याचा उन्हाळा, असा एक चटकदार शब्द वापरला. लोकांनी शब्द लक्षात ठेवला, टक्के विसरले. उन्हाळा पावसात गेला. पाठोपाठ हिवाळ्याचा अंदाज सौम्यतेकडे झुकणारा होता. प्रत्यक्षात २००९-१० चा हिवाळा तेथे तीस वर्षांतील सर्वांत थंड ठरला. इतकी टीका झाली की २०१० मध्ये खात्याने सामान्य लोकांसाठी ऋतूंचे अंदाज जाहीर करणेच थांबवले.

मला या प्रसंगात दोन्ही बाजूंचा दोष दिसतो. ६५ टक्के म्हणजे शंभरातील पस्तीस वेळा तसे होणार नाही, हे लोकांनी समजून घेतले नाही. आणि ती समजूत पुसून टाकणारा शब्द खात्याने स्वतःच पुरवला. पण संशोधन थांबले नाही. २०१४ मध्ये त्याच संस्थेतील ॲडम स्केफ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, उत्तर अटलांटिकवरील हवेच्या दाबाचे हिवाळी आंदोलन नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संगणकीय प्रारूपांनी सांगता येते. मागील वीस वर्षांच्या हिवाळ्यांशी सहसंबंध सुमारे ०.६ आला. ही मोठी प्रगती आहे. तरीही ०.६ चा वर्ग ०.३६, म्हणजे वर्षावर्षांतील फरकाचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग कळला, बाकीचा अद्याप हाती नाही. आपण किती जाणतो हे आकड्यात सांगणारे भाकीत चुकले तरी उपयोगी पडते, कारण ते पुढच्या वेळी सुधारता येते.

आणखी एक सावधगिरी. तापमानवाढीमुळे अलीकडे ‘यंदाचा हिवाळा सरासरीपेक्षा उबदार’ असे डोळे मिटून म्हणणाराही बऱ्याचदा बरोबर ठरतो. तेव्हा भाकीत बरोबर आले की नाही, एवढे पाहून भागत नाही. डोळे मिटून म्हणणाऱ्यापेक्षा ते किती वेळा सरस ठरले, हे पाहावे लागते.

वर्गात काय करता येईल?

यासाठी यंत्रसामग्री फारशी लागत नाही. किमान-कमाल तापमापक एक, वही एक आणि चिकाटी. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांनी घरच्या मोठ्या माणसांना विचारून थंडीच्या खुणा गोळा कराव्यात. कोणाचीही थट्टा करू नये. प्रत्येक खुणेपुढे ‘दिसली’ किंवा ‘नाही’ असे तारखेसह लिहावे. वर्तमानपत्रातील भाकिताचे कात्रणही त्यातच डकवावे.

मग ‘कडक थंडी’ म्हणजे काय, हे आधीच ठरवावे. हवामान खात्याची व्याख्या यासाठी उत्तम नमुना आहे : मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी खाली असेल, तर थंडीची लाट. ‘कडाक्याची’ या शब्दाला अशी कोणतीच सीमा नाही. म्हणून तो कधीच चुकत नाही. मुलांनी आपल्या गावापुरती साधी व्याख्या करावी. उदाहरणार्थ, डिसेंबर-जानेवारीत पारा ८ अंशांखाली गेलेल्या पहाटे किती? भाकिते लिफाफ्यात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावीत आणि १ मार्चला सर्वांसमक्ष उघडावीत.

निकाल चार घरांच्या तक्त्यात मांडावा : खूण दिसली आणि थंडी पडली, दिसली पण पडली नाही, दिसली नाही तरी पडली, दिसली नाही आणि पडली नाही. गप्पांत आपण फक्त पहिले घर मोजतो. चारही घरे मोजायला शिकला तो विद्यार्थी पुढे जाहिरात, औषध, निवडणुकीचे अंदाज, कशालाही सहजी फसणार नाही. एका वर्षात उत्तर मिळणार नाही, हे मुलांना आधीच सांगावे. आठवीने सुरू केलेली वही पुढच्या आठवीने चालवावी. दहा वर्षांनी शाळेकडे गावाच्या थंडीची अशी नोंद असेल, जी कोणत्याही संस्थेकडे नाही.

त्या शिक्षकांना मी उत्तर लिहिले आणि शेऱ्याबद्दल त्या मुलीची क्षमा मागितली. प्रदर्शनाचा निकाल बदलणे माझ्या हाती नव्हते. पुढे त्यांनी कळवले की, तिच्या धाकट्या भावाने वही चालू ठेवली आहे आणि पक्ष्याबरोबर मोहोराच्या तारखेचाही रकाना वाढवला आहे. आता कोणत्याही प्रदर्शनात गेले की तक्ता वाचण्याआधी मी विचारते, ‘नोंदवही कुठे आहे?’